मानाच्या फांद्या

बारामतीहून इंदापूरला जायच्या रस्त्यावर सिकंदर मुलाणीचं मांडवाचं दुकान आहे. पुढं एक टेबल, मागं पत्र्याचं गोदाम, आणि गोदामात कनाती, गाद्या, खुर्च्यांच्या उतरंडी आणि नवरानवरीला बसायचे लाल मखमली कोच. सिकंदरचे वडील ताडपत्र्या आणि गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचे. सिकंदरनं त्यावर कमानी, धूर सोडायची यंत्रं आणि भिंतीएवढा एलईडी पडदा चढवला. पण त्याचं नाव झालं ते यातल्या कशामुळंही नव्हे. मांडव काय, कुणीही घालतं. सिकंदरकडं लोक यायचे ते मानपानासाठी.

आपल्याकडं अक्षता पडायच्या आधी माईकवरून सत्कार होतात. अमुक गावचे आबा, तमुक संस्थेचे माजी तात्या. कुणाला फेटा, कुणाला टॉवेल-टोपी, कुणाला नुसताच नारळ. कुणाचं नाव आधी घ्यायचं, कुणाचं नंतर, ‘प्रतिष्ठित’ कुणाला म्हणायचं आणि ‘प्रगतशील बागायतदार’ कुणाला, यात जरा इकडचं तिकडं झालं की माणूस भर मांडवातून उठतो. तो एकटाही उठत नाही, आपल्याबरोबर एक जीपभर माणसं घेऊन जातो आणि मग पुढची दहा-बारा वर्षं दोन घरांत पाणी पिणं बंद. मुहूर्त टळला तर गुरुजी सांभाळून घेतात. सत्कार टळला तर कुणी सांभाळून घेत नाही.

घरच्या माणसानं नावं काढली तर त्यानं आपली पाती, म्हणजे भावकीतली आपली शाखा, वर घातली, असा संशय येतो. सिकंदर कुणाच्याच पातीत नव्हता. पणदऱ्याच्या मानसिंग मारकडांच्या वडिलांनी एकदा, भावकी हातघाईवर आली असताना, वैतागून म्हटलं होतं की त्या मुलाण्याच्या पोराला विचारा, त्याला आपल्यातल्या कुणाचंच काही पडलेलं नाही. त्या दिवशी तो निव्वळ खुर्च्या मोजायला तिथं उभा होता. पण त्यानं विचार करून पाच नावं सांगितली आणि कुणीही उठून गेलं नाही. तेव्हापासून कुणाचंच काही न पडणं हा त्याचा धंदाच झाला. पुढं बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या कितीतरी लग्नांत तो स्टेजच्या कोपऱ्यात, निवेदकाच्या पाठीशी उभा राहून त्याच्या कानात नावं सांगू लागला. लोकांना आवाज निवेदकाचा ऐकू यायचा, पण मुंडी वळायची ती सिकंदरकडं.

हे ओझं आहे, असं तो चारचौघांत म्हणायचा. मनातून त्याला ते फार आवडायचं.

सगळं डोक्यात असायचं. थोरली पाती कुठली, धाकटी कुठली, कोण कुणाच्या बारशाला गेलं नव्हतं, टॉवेल-टोपी मिळाली तर ती खुर्चीवर ठेवून कोण निघून जातो. मग वय झालं म्हणा, किंवा नावं वाढली म्हणा, एक दिवस घोटाळा झाला. कऱ्हाटीला एका साखरपुड्यात त्यानं नेहमीसारखं निवेदकाच्या कानात एका आबांचं नाव सांगितलं. निवेदकानं पुकारलं. कुणी उठेना. पुन्हा पुकारलं. माणसं एकमेकांकडं बघू लागली. तेव्हा सिकंदरच्या ध्यानात आलं की हे आबा मागच्या महिन्यात वारले, आणि त्यांच्या दहाव्याला मंडप आपणच दिला होता.

शेवटी आबांचे धाकटे भाऊ उठले, शांतपणे स्टेजवर आले आणि फेटा बांधून घेऊन परत गेले. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. सिकंदरला कुणी एक शब्द बोललं नाही. त्याला तेच जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर निदान हिशेब चुकता झाला असता.

त्याची मुलगी मुबशिरा एमआयडीसीत एका कंपनीच्या ऑफिसात काम करते. बाप दोन दिवस दुकानात न जाता ओसरीवर बसलेला पाहून तिनं आपला जुना लॅपटॉप आणला आणि त्यात एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. तिच्या ऑफिसात कुठलंही नवं काम घ्यायच्या आधी सगळ्यांच्या डोक्यातलं असंच मांडून काढतात, म्हणाली. मधोमध एक गोल, गोलात मुख्य विषय, त्याला फांद्या, फांद्यांना आणखी फांद्या. त्याला माइंड मॅप म्हणायचं. म्हणजे मनाचा नकाशा.

“याचे पैसे?” सिकंदरनं विचारलं.

“फुकट आहे, अब्बा.”

सिकंदर सावध झाला. बारामतीत एखादी गोष्ट फुकट मिळायला लागली की निवडणूक कधी आहे ते आधी बघायचं, एवढं त्याला अनुभवानं कळत होतं. जगातले काही हुशार लोक एकत्र येऊन अशी सॉफ्टवेअरं बनवतात आणि कुणालाही वापरू देतात, हे मुबशिरानं त्याला समजावून सांगितलं. त्या लोकांची आपसांत भांडणं होत नाहीत का, असं त्यानं विचारलं. होतात, ती म्हणाली. हे ऐकून त्याचा जरा विश्वास बसला.

पहिल्यांदा त्यानं गोलात लिहिलं ‘मारकड, पणदरे’. मग मुबशिरानं दाखवलं की एंटर दाबलं की बाजूला दुसरी फांदी येते आणि टॅब दाबलं की त्याच फांदीतून नवी फुटते. सिकंदरनं ते आपल्या भाषेत लक्षात ठेवलं. एंटरला भाऊ, टॅबला पोरगं. त्याची जाड बोटं सुरुवातीला एंटरच्या जागी टॅब दाबायची आणि सख्खा भाऊ भावाच्याच पोटी जन्माला यायचा. पण आठवडाभरात हात बसला. तो एक नाव घालायचा आणि त्या नावासरशी त्याला दुसरं आठवायचं, दुसऱ्यासरशी एखादं भांडण, भांडणासरशी त्याचं कारण. डोक्यात जे एकमेकांवर गोधड्यांसारखं रचून ठेवलं होतं ते, मारकडांवरून त्यांचे सोयरे आणि सोयऱ्यांवरून दोन्ही तालुके असं, पडद्यावर उलगडत गेलं. स्वतःला इतकं काही ठाऊक आहे याचा त्याला अचंबा वाटला.

सॉफ्टवेअरमध्ये चिन्हंही होती. हसरा चेहरा, लाल निशाण, घड्याळ, आणि एक वात पेटलेला काळा बाँब. भर मांडवातून उठून जाणाऱ्याला सिकंदरनं बाँब लावला, फारच सवय असलेल्याला दोन. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्यांच्या मध्ये तुटक बाण ओढला. आणि प्रत्येक नावाखाली त्याच्या स्वभावाची एक ओळ. पण त्याला सगळ्यांत आवडायची ती एक सोय. कुठल्याही फांदीच्या बुडाशी टिचकी मारली की पुढचं सगळं मिटून आत जायचं. जी भावकी एका मांडवात मावत नाही ती एका टिचकीत गुंडाळून ठेवता येते, याचं त्याला अतोनात समाधान वाटायचं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो उगाचच मारकडांना मिटायचा आणि उघडायचा.

तो हंगाम असा गेला की विचारू नका. सिकंदर सकाळी नकाशा बघून जायचा आणि एकही नाव चुकायचं नाही. ज्यांच्या घरात तीन पिढ्यांचा रुसवा होता ते एका पंगतीला बसून जेवले. लोक म्हणू लागले, सिकंदरभाईनं सगळा तालुका कॉम्प्युटरात घातलाय. आणि तिथंच घात झाला, कारण मग प्रत्येकाला आपण त्या कॉम्प्युटरात नेमके कुठं आहोत ते बघायचं होतं.

पहिले आले झुंबरआबा मारकड. मानसिंगचे चुलते. सतरंज्या बघायला आलोय म्हणाले, सतरंज्यांकडं ढुंकूनही पाहिलं नाही, आणि टेबलाच्या अलीकडून पलीकडं येऊन बसले. सिकंदरनं स्वभावाच्या ओळी घाईनं मिटल्या आणि नुसती नावं दाखवली. आबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

“माझी रेघ एवढी बारीक का रं?”

पुढं फांद्या जास्त असल्या की रेघ आपोआप जाड होते, तुमच्या थोरल्या भावाला मुलं-नातवंडं जास्त, यात माझा हात नाही, मशीनच तसं करतं, असं सिकंदर सांगू लागला. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग मशीन कुणाचं आहे, एवढंच विचारलं. सिकंदरनं रेघ जाड केली.

मग इंदापूरहून इंद्रजितराव वाघमोडे आले. त्यांची रेघ जाड होती, पण ते डाव्या हाताला होते. डावं म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. त्यांना उजवीकडं आणलं तर उजवीकडचे एक माजी सरपंच खाली सरकले आणि दुसऱ्या दिवशी दुकानात हजर झाले. कुणाला रंग आवडला नाही, कुणाला आपण गोलापासून लांब पडलो असं वाटलं. सिकंदरनं मुबशिराला विचारलं की सगळ्यांना गोलाजवळ आणता येतं का. सगळ्यांना एकदम नाही, पण कुठल्याही एका नावाला मध्यात ठेवून नवा नकाशा करता येतो, ती सहज म्हणाली. तिला वाटलं, बाप शिकतोय.

बाप खरंच शिकला. त्यानं झुंबरआबांचा एक नकाशा केला, त्यात आबा मधोमध आणि बाकी तालुका त्यांच्या भोवती. इंद्रजितरावांचा वेगळा केला. माजी सरपंचांचा वेगळा. जो येईल त्याला त्याचा नकाशा उघडून दाखवायचा, आणि तो माणूस स्वतःला जगाच्या मध्ये बघून, चहा पिऊन, खुशीत घरी जायचा. खरा नकाशा, बाँबांचा आणि ओळींचा, सिकंदर एकटा असताना बघायचा. मुबशिराला हे कळल्यावर ती अस्वस्थ झाली.

“अब्बा, एवढे नकाशे केलेत. यातला खरा कुठला?”

“ज्याच्यापुढं उघडतो त्यो,” सिकंदर म्हणाला. आयुष्यभर कुणाचंच काही न पडलेला माणूस आता एकाच वेळी सगळ्यांचा झाला होता, आणि त्याला वाटत होतं की धंदा वाढला.

अशात मानसिंगच्या मुलाचं, रविराजचं, लग्न ठरलं ते इंद्रजितरावांच्या पुतणीशी, मनिषाशी. म्हणजे झुंबरआबा वराकडचे आणि इंद्रजितराव वधूकडचे, दोघं एकाच मांडवात. मानसिंगनं हात जोडून सांगितलं की सिकंदरभाई, एवढं एक निभावून न्या. मेंढरांमागं कोकणात उतरणाऱ्या त्यांच्या आजोबांपासून आजवर, म्हणजे ऊस आणि गोठा होऊन घरावर मजला चढेपर्यंत, मारकडांच्या घरात एवढं मोठं लग्न झालं नव्हतं. इंदापूरच्या बाहेरचं प्रशस्त कार्यालय, दोन्ही तालुक्यांतला गोतावळा, आणि सिकंदरचा भिंतीएवढा पडदा.

पडद्यावर नवरानवरीचं महाबळेश्वरला काढलेलं शूटिंग दाखवायचं होतं. ऐन वेळी पडद्याचा कॉम्प्युटर बंद पडला. सिकंदरनं आपला लॅपटॉप जोडला, पेनड्राइव्ह लावला, आणि रविराज धुक्यातून मनिषाकडं पळत आला. लोक कौतुकानं बघत होते. शूटिंग संपलं, खिडकी आपोआप बंद झाली, आणि तिच्या मागं सकाळी उघडून ठेवलेला खरा नकाशा होता. तो आता दोन पुरुष उंच, रंगीत, दिव्यांच्या उजेडात सगळ्या मांडवापुढं उभा राहिला. बाँबांसकट.

सिकंदर त्या वेळी स्टेजमागं फेट्यांचा ढीग लावत होता. निवेदक समोर जे दिसेल ते वाचायला सरावलेला. सत्काराची नावं या वेळी पडद्यावर दिलीत, असं समजून त्यानं माईक उचलला आणि भारदस्त आवाजात सुरू केलं, “इंदापूरचे प्रतिष्ठित बागायतदार, इंद्रजितराव वाघमोडे.” इंद्रजितराव जागचे हलले नाहीत. “दोनदा बोलवावं लागतं,” निवेदकानं पुढची ओळ वाचली, आणि काय वाचलं ते कळून तो थांबला. तोवर इंद्रजितराव सवयीनं अर्धे उठले होते.

मांडवात आवाज नव्हता, कारण सगळे वाचत होते. ‘जेवून मग नाराज होतो.’ ‘फेटा घट्ट बांधला तर रुसतो, सैल बांधला तरी रुसतो.’ ‘मोठ्याच्या शेजारी बसवला की पुरे.’ मग कुठंतरी मागं कुणीतरी हसलं, आणि ते हसू रांगा ओलांडत पुढं आलं. प्रत्येकाला दुसऱ्याबद्दल लिहिलेलं अगदी बरोबर वाटत होतं. आपल्याबद्दलचं तेवढं चुकलंय, असं पुढं बहुतेकांनी सिकंदरला एकेकट्यानं गाठून सांगितलं.

सिकंदर धावत आला. पडदा बंद करायचं बटण त्याला रोज सापडायचं, ते त्या दिवशी सापडेना. तेवढ्यात झुंबरआबा उठले. आता जीपगाड्या निघणार, असं सगळ्यांना वाटलं. मानसिंग त्यांना अडवायला पुढं झाले. पण आबांची तक्रार वेगळीच होती. इंद्रजितरावांना दोन बाँब आणि आपल्याला एकच, हे कशावरून, असं ते विचारत होते. आपण आजवर त्यांच्यापेक्षा जास्त मांडवांतून उठून गेलो आहोत, आणि याला साक्षीदार इथंच बसलेत, असं त्यांचं म्हणणं. मग मात्र लोकांना हसू आवरेना, आणि इंद्रजितरावही, रुचत नसलं तरी, हसले.

हे इथंच मिटलं असतं. पण पुढच्या रांगेत, बायकांच्या बाजूला, मानसिंगच्या आई गोजरबाई बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. इतकी माणसं कशाला हसतात हे त्यांनी नातीकडून, छकुलीकडून समजून घेतलं. मग म्हणाल्या, “माझं नाव कुठं हाय बघ.”

छकुली कॉलेजला जाते. ती सरळ स्टेजवर चढली, लॅपटॉप आपल्याकडं ओढला आणि एकेक मिटलेली फांदी उघडत गेली. थोरली पाती, धाकटी पाती, इंदापूरचे, माळेगावचे. पडदा नावांनी भरून गेला.

“आजी, तुझं न्हाय,” ती तिथूनच म्हणाली. “आईचं बी न्हाय. बायकांचं कुणाचंच न्हाय.”

सिकंदरला हे आजवर सुचलंच नव्हतं. बायकांचं साडी-चोळीचं आतल्या खोलीत उरकायचं, त्याचा माईकशी संबंध नसायचा, आणि ज्याचा माईकशी संबंध नाही ते त्याच्या कानावर येत नव्हतं. तो वाकून, आदबीनं बोलला. “मावशी, ह्यो रुसव्या-फुगव्याचा नकाशा हाय. तुमचा कुणाचा कसला रुसवा न्हाय, म्हणून नाव न्हाय.”

“न्हाय, हे तुला कुणी सांगितलं?”

सिकंदर वळून पडद्याकडं बघू लागला.

“इचारलंस कवा?” गोजरबाई म्हणाल्या.

मग त्यांनी बसल्या जागेवरून, आवाज न चढवता, सांगितलं. मानसिंगचं लग्न झालं त्याच साली त्यांचा नवरा गेला होता. पोरगं त्यांचं, पण हळदीच्या दिवशी त्यांना आतल्या खोलीत बसवलं, दार लोटून घेतलं, आणि पहिली हळद चुलतीनं लावली. बाहेर वाजंत्री वाजत होती ती त्यांनी दाराच्या फटीतून ऐकली. हे त्यांनी आजवर कुणापुढं काढलं नव्हतं. मानसिंगपुढंही नाही. मानसिंग मान खाली घालून उभे होते.

“रुसले हुते की मी,” गोजरबाई म्हणाल्या. “पर कुणाला कळंल असं रुसायची सोय न्हवती. घाल माझं नाव. आन् त्यो बाँब बी घाल.”

सिकंदर लॅपटॉपशी बसला. सगळा मांडव त्याची बोटं बघत होता. गोजरबाईंना नवऱ्याच्या फांदीला लावायचं की मुलाच्या, हे त्याला ठरवता येईना, आणि सॉफ्टवेअरला तर कुठल्या तरी फांदीला लावल्याशिवाय नाव चालत नाही. मधल्या गोलालाच चिकटव, असं त्यांनी सांगून टाकलं. भिंतीएवढ्या पडद्यावर गोलाला लागून एक नवी फांदी फुटली आणि तिच्या टोकाला एकेक अक्षर उमटत ‘गोजरबाई’ झालं.

त्या दिवशी पहिलं नाव त्यांचं पुकारलं गेलं. गुडघे दुखत होते म्हणून त्या सावकाश चढल्या, नारळ घेतला, फेटा नको म्हणाल्या, आणि दम लागला म्हणून नवरानवरीच्या मखमली कोचावर जाऊन टेकल्या. मनिषा तोवर बाजूला उभी राहिली. गुरुजींनी घड्याळ बघायचं सोडून दिलं होतं.

जेवणाच्या पंगतीपर्यंत सिकंदरभोवती बायकांचं कोंडाळं झालं. एकीला माहेरचा आहेर सगळ्यांसमोर उलगडून दाखवल्याचं लागलं होतं. दुसरीला नणंदेच्या बाळाच्या बारशाचा निरोपच गेला नव्हता. झुंबरआबांच्या मंडळी तानूबाई शांतपणे उभ्या होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा म्हणाल्या की आबा ज्या ज्या मांडवातून उठून गेले त्या त्या मांडवातून आपल्याला उपाशी यावं लागलं, तेवढं सगळं लिही. सिकंदर टॅब आणि एंटर दाबत राहिला. त्याच्या पानात वाढलेला मसालेभात गार झाला.

त्यानंतर लग्नांत सत्कार लांबू लागले, कारण आता दोन्ही बाजूंची नावं. नकाशा एवढा वाढला की तो उघडायला लॅपटॉप अंमळ वेळ घ्यायचा आणि कधीकधी उघडायचाच नाही. काही घरांनी कंटाळून पत्रिकेवर छापलं की सत्काराची अपेक्षा ठेवू नये, हीच विनंती. मारकडांच्या भावकीनंही तसं करावं का, हे ठरवायला पणदऱ्यात बैठक घेतली, आणि त्या बैठकीत कुणी कुठं बसायचं हे सांगायला सिकंदरला बोलावणं आलं. तो गेला. बैठक छान झाली, पण निर्णय झाला नाही. दुकानातली गर्दी मात्र कमी झाली नाही. फरक एवढाच की जे पूर्वी सतरंज्या बघायला यायचे त्यांच्या आता बायका यायच्या, आणि त्या खरंच सतरंज्या बघायच्या, मग बसायच्या.

सिकंदरच्या घरात त्याची बायको अनिसा हे सगळं बघत होती. ती या विषयावर आजवर कधी बोलली नव्हती. एका दुपारी भाकरी वाढताना म्हणाली, “तालुक्यातल्या बायकांचं लिहून झालं असंल, तर माझ्या भावाचं कुठं घातलंय ते सांगा.”

अनिसाचा भाऊ साद इंदापूरला असतो. उजनीच्या पाण्यावर त्याच्या होड्या आहेत, माशांचा व्यापार आहे. बरीच वर्षं तो बारामतीला आला नव्हता. धंद्यातून सवड होत नसेल, असं सिकंदर धरून चालला होता. अनिसानं सांगितलं, सोहेलच्या, त्यांच्या थोरल्या मुलाच्या, वलिम्याला, म्हणजे निकाहनंतरच्या जेवणाला, सिकंदरनं हौसेनं स्वतःच माईक घेतला होता. आबा, तात्या, चेअरमन, सगळ्यांची नावं घेतली, गिऱ्हाइकं होती ना. मुलाचा सख्खा मामा पुढ्यात उभा होता. त्याची पाळी आली तेव्हा सिकंदर ‘आणि इतर पाहुणे’ म्हणाला आणि माईक ठेवला.

सिकंदरला हे आठवेना. दुसऱ्यांच्या घरातलं चाळीस वर्षांपूर्वीचं भांडण त्याला कुणी हसलं तेवढ्यासकट आठवायचं. त्यानं संध्याकाळी लॅपटॉप उघडला, नवा नकाशा घेतला, गोलात ‘घर’ लिहिलं आणि टॅब दाबलं. रिकामी फांदी आली. तिच्यावर काय लिहावं ते कळेना म्हणून त्यानं एंटर दाबलं. आणखी एक रिकामी फांदी आली. मुबशिरा मदतीला बसते म्हणाली, तर तो नको म्हणाला.

दोन दिवसांनी तो इंदापूरला गेला. काय बोलायचं ते त्यानं वाटेत ठरवलं होतं. सादनं “या दुल्हेभाई” म्हणून दारातच हात धरला, जणू गेल्या आठवड्यातच भेटले होते. सादच्या बायकोनं, लैलानं, लगेच चिलापी तळायला घेतली. सिकंदरनं बसल्या बसल्या सुरुवात केली की सोहेलच्या वलिम्याच्या दिवशी माझ्याकडून... साद म्हणाला, आधी जेवा, मासा गार झाल्यावर त्यात काही राहत नाही. जेवताना सादनं धरणाच्या पाण्याचं सांगितलं, जाळ्यांचं सांगितलं, मुलाच्या प्रवेशाचं सांगितलं. हात धुतल्यावर सिकंदरनं पुन्हा विषय काढला. या वेळी सादनं त्याला मधेच तोडलं नाही, सगळं ऐकून घेतलं आणि भलतंच बोलला.

“तुमचा नकाशा बघितला मी. मारकडांच्या लग्नात.”

“तू हुतास तिथं?”

“वाघमोड्यांचं बोलावणं हुतं. मागच्या रांगेत हुतो. तुमी दिसलात, कामात हुता.”

दोघं बाहेर खाटेवर येऊन बसले. लैलानं चहा आणला. निघताना सादनं साफ करून कापलेले मासे पिशवीत बांधून दिले, बहिणीला द्या म्हणाला, आणि गाडी वळेपर्यंत रस्त्यावर उभा राहिला.

बारामतीला येईपर्यंत सिकंदर विचार करत होता की हा रुसवा मिटला, की होता तसा आहे, की आज आणखी एक वाढला. पिशवी त्यानं स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

अनिसानं विचारलं, काय म्हणाला.

“मासे दिलेत.”

“ईदला येतो म्हणाला?”

“तसं म्हणाला न्हाय.”

“येत न्हाय म्हणाला?”

“तसं बी न्हाय म्हणाला.”

अनिसानं पिशवीची गाठ सोडली, तुकडे परातीत काढले आणि उलटसुलट करून बघितले. सगळे मधले, निवडून घातलेले होते. “म्हंजे येतोय,” ती म्हणाली, आणि मासे धुवायला घेऊन मोरीकडं गेली.